वरच्या मजल्याचा ओटा

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! कंबर मोडली आहे, कानांत अजून विमान गुरगुरतंय, पाय सुजून चपलेत मावत नाहीत.

कोपऱ्यावर टॅक्सी वळली आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, ‘पुढे घ्या, हे आमचं घर नाही.’ आमचंच होतं! गच्चीवर कॉलम उभे राहिलेत. इतकी वर्षं तिथं नुसत्या सळया होत्या, वरच्या मजल्यासाठी वाट बघत सोडलेल्या. हे दर उन्हाळ्यात त्यांना सिमेंटचं पाणी लावायचे, गंजू नयेत म्हणून. मी त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे. आता दोऱ्याही नाहीत आणि सळयाही नाहीत.

हे गच्चीच्या कठड्यावरून हात हलवत होते. कोपरापर्यंत सिमेंट. ‘सरप्राइज!’ म्हणून ओरडले. ऐन हंगामात, शाळेचं आणि डॉक्टरांचं अशी दोन कंत्राटं डोक्यावर असताना, स्वतःच्या घरावर माणसं लावली! मुलगा येणार, सून येणार, नात येणार — त्यांना खाली आमच्यात कशाला कोंबायचं?

चहा ओतत होते तेवढ्यात विचारलंच. ‘सुनेच्या ओट्याचं माप आणलंस ना?’

‘सदतीस,’ म्हटलं.

कानामागची पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवर लिहिलं. ‘उंच आहे पोरगी,’ म्हणाले. मग कपातल्या चहाकडे बघत बसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

४ मार्च

झोप उलटीपालटी झालीय. दुपारी जेवताना बसल्या बसल्या डोळा लागला. ‘मॅडम परदेशाहून आल्यात,’ म्हणून हे आल्यागेल्याला सांगतायत.

५ मार्च

इथं तरी लिहून टाकते. कुठंतरी ठेवलंच पाहिजे.

मुलाकडे निघताना ह्यांनी माझ्या पर्समध्ये स्वतःची टेप घातली होती. पिवळी, घासलेली, पहिला इंच पुसलेला. ‘सुनेला ताठ उभी कर, चपला काढायला लाव, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घे. त्यातनं चार बोटं कमी, तो ओटा.’ ह्यांचा हा नियमच आहे. जी बाई त्या ओट्यावर राबणार तिला मोजल्याशिवाय हे ओटा बांधत नाहीत. मालकीणबाई बाहेरगावी असल्या तर काम थांबवतात. लोक हसतात, पण बायका ह्यांचं नाव काढतात.

तिकडे गेल्यावर पंधरा दिवस टेप पर्समध्येच राहिली. नातीला सापडली आणि मग धमाल! टेबल मोजलं, मांजर मोजलं, माझं नाक मोजलं. तेवढ्यात मला आठवण झाली. सुनेला म्हटलं, ‘ये गं, उभी राहा जरा. तुझ्या सासऱ्यांना ओट्याचं माप हवंय.’

ती हसली. मग माझ्या मुलाकडे बघितलं, आणि तिचं हसू गेलं.

‘आई, बस जरा,’ तो म्हणाला.

बसले. त्यांनी तिकडेच घर घेतलंय. कायमचं. परत यायचं ते आता सुट्टीपुरतं, तेही जमेल तसं. सून वाईट नाही. माझे हात धरून बसली होती, एकसारखी ‘आई, आई’ करत होती. रागवायला कोणी सापडलं असतं तर बरं झालं असतं.

‘बाबांना मी सांगेन,’ मुलगा म्हणाला. ‘हंगाम संपू दे त्यांचा. आत्ता सांगितलं तर कामावर पडतील कुठंतरी.’ मी कबूल झाले. मला काय माहीत हे इकडे कॉलम उभे करतायत!

माप घेतलंच नाही मी. टेप गुंडाळून पर्समध्ये घातली आणि सोमवारी तोंडाला आला तो आकडा सांगितला.

९ मार्च, रविवार

मुलाचा फोन. मी स्पीकरवर टाकणार तर हे म्हणाले, ‘तू बोल, माझे हात भरलेत.’ आणि जिन्याकडे गेले.

हात तर स्वच्छ होते. आंघोळ करून नुकतेच बसले होते. आठवडाभर त्यानं फोन केला नाही म्हणून फुगले असतील. बाप रुसला की असाच जिन्यात जातो.

१४ मार्च

आज शाळेवर. तीन नवीन वर्ग शाळा उघडायच्या आत द्यायचेत आणि प्लॅस्टर अजून अर्ध्यावर. त्यात मोठ्या बाई — म्हणजे मुख्याध्यापिका — छत्री घेऊन उभ्या. ऊन नाही, काही नाही, छत्री बोट दाखवायला! ‘हा कोपरा काटकोनात वाटत नाही मला.’ मामांनी गुण्या लावून दाखवला. कोपरा काटकोनातच होता. ‘मग माझी नजर तिरकी असेल,’ म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा. आवडल्या मला.

मामा म्हणजे आमचे मुख्य गवंडी. कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नाही. त्यांनी विचारलं, ‘वहिनी, धाकटे मालक कधी येतायत? मालक काही बोलत नाहीत, आम्ही विचारलं की विषय बदलतात.’

‘येतील,’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माणसं तीन ठिकाणी वाटलेली. इथला गवंडी तिथं, तिथली मिक्सर इथं. फोन नुसता वाजतोय. एका अर्थी बरंय. दिवसभर कोणीतरी ओरडत असलं की आतलं ऐकू येत नाही.

२० मार्च

दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको! तिसऱ्यांदा फरशी बदलली. आता बेसिनखालचं कपाट बसत नाही. डॉक्टर म्हणतात, दोन फूट सात इंच जागा आहे, बसायलाच हवं. मी मोजलं. ‘दोन फूट सहा इंच पाच सूत,’ म्हटलं.

‘सुतापर्यंत कशाला जाता?’ डॉक्टर हसले.

‘तुम्ही दाढेत चांदी भरताना अंदाजे भरता का?’ बायको एवढी हसली की फरशीचा विषय आजपुरता मिटला.

पण खरंच, आमच्या घरात कोणी नुसता इंच बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला पहिलं शिकवलं ते हेच — आठ सुतांचा एक इंच. इतरांच्या नवऱ्यांनी काय काय शिकवलं असेल! पहिल्या वर्षी खिडकीचं माप नुसतं ‘चार फूट’ सांगितलं म्हणून दोन दिवस बोलले नव्हते. ‘जगात कुठलीच वस्तू सरळ इंचावर संपत नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेव्हापासून माझी जीभच तशी वळते. डॉक्टरांची बायको आता मला ‘सूतवाल्या काकू’ म्हणते.

२३ मार्च, रविवार

ह्यांनी आजही फोन घेतला नाही. ‘पाणी मारायचं राहिलंय.’

संध्याकाळी मीच सिमेंटच्या खोलीत जाऊन मुलाला परत लावला. पोत्यावर बसून, दार लोटून, चोरासारखी! म्हटलं, ‘तू सांगणार की मी सांगू? इथं स्लॅबच्या फळ्या लागतायत. एकदा ओतलं की मागं घेता येत नाही.’

‘आई, मला शब्द सापडत नाहीत.’

‘शब्द मी देते. उचल फोन.’

त्यानं फोन नातीकडे दिला. ती म्हणाली, ‘आजी, आजोबांची टेप परत पाठव ना. मांजर वाढलंय.’ मी हसता हसता रडले. पोत्यावरचं सिमेंट साडीला लागलं ते वेगळंच.

२८ मार्च

आज सांगणारच होते. ठरवूनच जिना चढले.

हे फळ्यांच्या जंगलात एकटेच बसले होते, डबा उघडून. मी शेजारी विटेवर बसले. ‘अहो,’ म्हटलं. त्यांनी मान वर केली आणि त्याच वेळी माझ्या पाठीत अशी कळ आली की मी ‘आई गं’ म्हणून वाकले. झालं! त्यांनी पाठ चोळली, खाली नेऊन निजवलं, तेल गरम करून आणलं. सांगायचं राहिलं.

पाठीचं दुखणं जुनं आहे. हे घर आमच्या लग्नाआधीचं, ओटा सासूबाईंच्या मापाचा. आणि सासूबाई म्हणजे केवढ्याशा! माझ्या खांद्याला लागायच्या. साऱ्या गावाच्या बायका ताठ उभ्या राहून स्वयंपाक करतात आणि कंत्राटदाराची बायको वाकून! सासूबाई होत्या तोवर ओटा फोडायचा विषय काढणं बरं दिसत नव्हतं. त्या गेल्यावर ह्यांनीच दोनदा काढला, पण दरवेळी कोणाचं तरी काम आडवं आलं. मीच म्हटलं, राहू दे, आधी लोकांची घरं होऊ देत.

तेल लावताना म्हणाले, ‘फार वर्षं वाकलीस गं.’ एवढंच. एरवी असं बोलणाऱ्यांतले नाहीत. वय होतंय.

५ एप्रिल

स्लॅब झाली. सकाळी सुरू केली, दुपार टळून गेल्यावर संपली. शाळेवरची माणसं एका दिवसापुरती इकडे आणली, त्यावरून मोठ्या बाईंचे दोन फोन.

मी खाली उभं राहून वर जाणाऱ्या प्रत्येक घमेल्याकडे बघत होते. अजून थांबवता येईल, अजून थांबवता येईल — आणि मग थांबवण्यासारखं काही उरलं नाही.

एक गोष्ट झाली. मामा खाली आले, चेहरा गोंधळलेला. ‘वहिनी, मालकांनी वर सळया सोडायच्या नाहीत म्हणून सांगितलं. स्लॅबच्या वर आलेली टोकं कापायला लावली.’

मला पटेना. कुत्र्याचं घर बांधलं तरी त्यावर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडणारा माणूस हा! जेवताना विचारलं. म्हणाले, ‘पुरे एवढं. किती वाढवायचं?’

लोखंड महाग झालंय म्हणून असेल. पण मला कसंतरीच झालं. कपड्यांच्या दोऱ्या आता कशाला बांधणार, असा काहीतरी वेडा विचार डोक्यात आला.

६ एप्रिल, रविवार

स्लॅबवर वाफे करून पाणी भरलंय. मामा म्हणाले, सुट्टी असली तरी पाणी मारायला मी येतो. ह्यांनी येऊ दिलं नाही. ‘हे माझं मी बघेन.’ सकाळपासून पाइप घेऊन वर.

चहा घेऊन गेले तर गुडघ्यापर्यंत भिजलेले, सदरा भिजलेला, तोंडावरून पाणी निथळतंय. चांगलंच खडसावलं. ‘स्लॅबला पाणी घालताय की स्वतःला? सर्दी झाली म्हणजे कळेल!’ कप घेतला, पाठ वळवून उभ्यानंच प्यायले.

कोणासाठी एवढं करतोय हा माणूस! माझ्या घशाशी एक वाक्य आलंय ते महिनाभर खालीही जात नाही आणि वरही येत नाही.

१२ एप्रिल

डॉक्टरांच्या बायकोनं फरशी चौथ्यांदा बदलली. नोंद घेण्यासारखं दुसरं काही नाही.

२७ एप्रिल, रविवार

टेकू निघाले. खोल्या दिसायला लागल्या. उजेड छान येतो, हे कबूल केलंच पाहिजे. स्वयंपाकघर पूर्वेला. मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि सून इथं उभी आहे असं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आली नाही.

मामा गावाला गेलेत. त्यामुळे लेव्हलची नळी धरायला मी! परदेशातून परत आल्यावर हे पद मिळालं. नळीत पाणी भरून एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. नळी धरायला अक्कल लागत नाही, फक्त हलायचं नाही. तरी हे तासभर छळत होते. ‘चपला काढ, नवी जमीन आहे. ताठ उभी राहा. खांदे सैल सोड. आता हात मोड, आरामात येतो तिथं नळी धर. हलू नको!’ आणि माझ्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा.

‘लेव्हल बघताय की फोटो काढताय?’ म्हटलं.

‘गप्प उभी राहा,’ म्हणाले. आवाज जड होता. सर्दी झाली वाटतं शेवटी.

११ मे, रविवार

शाळेचं काम संपलं! मोठ्या बाईंनी तिन्ही वर्गांतून छत्री फिरवली आणि एकही खोट निघाली नाही. ‘आता मुलं आली की सगळं घाण करतील,’ म्हणाल्या. इतक्या प्रेमानं म्हणाल्या की मी तिथंच रडायच्या बेतात आले. हल्ली कशानंही भरून येतं.

मुलानं त्यांच्या घराचे फोटो पाठवले. छान आहे. स्वयंपाकघरातला ओटा कारखान्यातून तयार आलेला, शेजाऱ्यांकडेही तसाच. सून त्याला टेकून उभी आहे. ओटा तिला चक्क ठेंगणा पडतोय! पंधरा-वीस वर्षांनी तिचीही पाठ दुखेल. ह्यांना दाखवावासा वाटला तो फोटो. कसा दाखवणार?

खाली लिहिलंय — ‘बाबांशी लवकरच बोलतो.’

१७ मे

ओट्याचा दगड आला. काळा, कडा गोल केलेला. हे सकाळपासून वर आहेत. डॉक्टरांचे तीन फोन आले, एकही घेतला नाही. मामांनाही खाली पाठवलं. आणि मला ताकीद — ‘दोन दिवस वर पाऊल टाकायचं नाही.’

जिन्याशी उभी राहून दगड घासल्याचा आवाज ऐकत होते. सुनेच्या खोट्या मापाचा ओटा बसतोय. ती कधीच त्याच्यापुढे उभी राहणार नाही. माझ्या एका शब्दानं थांबला असता आणि मी तो शब्द काढला नाही. मुलाला नावं ठेवते, पण मी तरी काय वेगळं केलं? दोघंही ह्यांना जपत बसलो आणि हे एकटे वर मजला चढवत राहिले.

ठरलं. ओटा झाला की त्याच्यासमोरच सांगायचं. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

२० मे

ह्यांनी बोलावलं. गेले. सांगायचं वाक्य तोंडात धरूनच गेले. म्हणाले, ‘आधी चपला काढ आणि उभी राहा.’

उभी राहिले. हात ओट्यावर ठेवले. कोपराखाली बरोबर चार बोटं. पाठ सरळ. आयुष्यात पहिल्यांदा ओट्यापुढे माझी पाठ सरळ!

‘तेहतीस, तीन सूत,’ ते म्हणाले. ‘तू आलीस त्या दिवशी सदतीस म्हणालीस. पुढे सूत नाही, काही नाही. तेव्हाच समजलं मला. तू मोजलंच नाहीस. आणि तू मोजलं नाहीस म्हणजे...’

मला रडू आवरेना. माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. ‘रड. माझं रडून झालंय, स्लॅबला पाणी मारताना.’

शेगडी अजून आणायची आहे.